आमचा टोला 'आच्छादित' होता

"सदर महसुली गाव 4जी सेवेने आच्छादित असल्याने नवीन टॉवरची आवश्यकता दिसून येत नाही."

टॉवरसाठी केलेल्या आमच्या अर्जाला मोबाईल कंपनीचं आलेलं हे उत्तर मी मोठ्या गावात, ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर वाचलं. घरी वाचताच आलं नसतं, आमच्या टोल्यावर, म्हणजे वाडीवर, तेव्हा ईमेल उघडत नव्हतं. कागद छापून घेतला आणि संध्याकाळी मामाजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, वाचून दाखवला. ते खाटेवर बसून रेडिओचा कान पिळत होते.

"आच्छादित म्हणजे का व?"

"झाकलेलं."

"मंग बरोबरच लिवलं. झाकूनच ठेवलं आहे आपल्याले."

मी ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. माहेर नागभीडकडचं. तिथे रेल्वेही होती आणि रेंजही. लग्न होऊन आले ती गडचिरोली-चंद्रपूरच्या सीमाभागात, वैनगंगेपासून बरंच आत, सागाच्या जंगलात. कागदावर आमचं वेगळं गाव नाही. मोठं गाव हे महसुली गाव आणि आम्ही त्याचा टोला. साठेक घरं, चौथीपर्यंतची जिल्हा परिषदेची शाळा, अंगणवाडी, मारोतीचं देऊळ. दोन्हींच्या मध्ये चार किलोमीटर, एक नाला आणि एक टेकडी. मोठ्या गावात टॉवर आहे. त्याच्या शेंड्यावरचा लाल दिवा रात्री टेकडीवरून दिसतो. टेकडी उतरून टोल्याकडे आलं की दिवाही जायचा आणि रेंजही.

त्या टेकडीला पोट्ट्यांनी 'हॅलो टेकडी' नाव दिलं होतं. वर मोहाचं झाड, झाडाखाली सपाट दगड. दगडावर बसलं तर बोलणं व्हायचं, दोन पावलं डावीकडे सरकलं तर तुटायचं. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पोरांचा अभ्यास तिथेच आला आणि तिथेच राहिला. टेकडीचे नियम कोणी लिहिले नव्हते, पण सगळे पाळायचे. एक जण बोलत असला की बाकीच्यांनी पाठ करून बसायचं. नवीन सोयरीक जमलेल्या पोराला दिवस मावळतानाची वेळ सोडायची. आणि मोहफुलं पडायच्या दिवसांत अंधारात कोणी जायचं नाही, कारण फुलांसाठी अस्वलही त्याच झाडाखाली येतं. रात्री कोणाला कळ आली, ताप चढला, तर 108 ला फोन करायचा म्हणजे आधी चार जण, दोन बॅटऱ्या आणि एक कुऱ्हाड जमवायची.

हे सगळं आम्ही वर्षानुवर्षं चालवून घेतलं. मला विचाराल तर रोग, साप, बाळंतपण यांपैकी कशानेही आम्ही अर्ज लिहायला बसलो नाही. बसलो ते ओटीपीमुळे.

2024 चा जुलै. लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायची झुंबड उडाली होती आणि वरून निरोप आला, टोल्यावर जाऊन शिबिर घ्या. अर्ज मोबाईलवर भरायचा, बाईचा फोटो जागेवरच काढायचा. मी आणि अंगणवाडीच्या ताईंनी शिबिर घेतलं हॅलो टेकडीवर. पाऊस, चिखल, आणि सत्तरेक बाया नऊवारी-सहावारी खोचून रांगेत चढताहेत, जणू महादेवाच्या यात्रेला निघाल्या आहेत. एक म्हातारी नातवाच्या पाठीवर आली. पुढच्या महिन्यात आयुष्मान कार्डाची तीच गत. आधारचा ओटीपी 10 मिनिटं टिकतो. एका बाईचा फोन घरी चार्जिंगला राहिला होता, तिचा पोट्टा धावत खाली गेला, फोन घेऊन वर आला, तोवर ओटीपी मेला. दुसऱ्यांदा फोन वरच होता, पण बॅटरी संपली. तिसऱ्यांदा सगळं जमलं तर साईट बसली. त्या पोट्ट्याने वैतागून विचारलं, "मॅडम, सरकारले मायचं तोंड पाहूनही पटत नाही का?"

त्याच रात्री मी ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर अर्ज लिहिला. सरपंचांची सही, ग्रामसेवकांची सही. (2024 पासून त्यांना 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणायचं आणि तलाठ्याला 'ग्राम महसूल अधिकारी'. गावात दोघेही जुन्याच नावाने ओळखले जातात.) अर्ज कंपनीच्या कार्यालयात गेला आणि महिन्याभराने ते 'आच्छादित' परत आलं. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या दोन माणसांनी पुढे फार मदत केली, आणि बाकीच्यांबद्दल बोलण्यात आता अर्थ नाही.

उत्तर खोटं नव्हतं, हीच अडचण होती. यादी बनते ती महसुली गावाची. मोठ्या गावात 4जी आहे, म्हणजे गाव आच्छादित, म्हणजे टोलाही आच्छादित. आम्ही मोठ्या गावाच्या खात्यावर रेंज वापरत होतो, न वापरता.

मग मी माहिती शोधायला बसले. ग्रामपंचायतीत नेट आहे, संध्याकाळी पाचनंतर कोणी येत नाही. जिथे 4जी नाही अशा 24,680 गावांसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने 27 जुलै 2022 ला 26,316 कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती. आकडे मोठे, पण त्यांतला एकही आमच्या कामाचा नव्हता. कामाचं होतं ते पुढचं एक वाक्य: पुनर्वसन, नवीन वस्त्या, असलेल्या कंपनीने सेवा काढून घेणं अशा कारणांसाठी 20 टक्के जास्तीची गावं घेण्याची सोय आहे. ते वाक्य मी मोठ्या अक्षरात छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. आमचा टोला नवीन वस्ती नाही, मामाजींचे आजे इथेच वारले. पण कुठूनतरी शिरायला फट होती एवढं कळलं.

तालुक्याला कंपनीचं एक्स्चेंज आहे. तिथे निवृत्तीला आलेले एक इंजिनियर साहेब भेटले. माझा अर्ज वाचून त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, तुम्ही लिहिलं, रेंज नाही. किती नाही?"

मला आधी राग आला. नाही म्हणजे नाही, त्यात किती काय! त्यांनी माझा फोन घेतला, सेटिंगमध्ये जाऊन सिमच्या माहितीत सिग्नलच्या ताकदीचा एक आकडा दाखवला. उणे 84 डीबीएम. म्हणाले, त्या वरच्या दांड्या मोजू नका, प्रत्येक फोनवाला आपल्या मनाने दांड्या काढतो. हा आकडा पाहा. शून्याच्या जितका जवळ तितकं बरं. उणे 85 म्हणजे झकास, उणे 100 ला बोलणं होतं, उणे 115 च्या पुढे गेलं की फोन नुसता शोधत राहतो आणि बॅटरी खातो. आणि यात दहाचा फरक म्हणजे दहापट. उणे 90 चं उणे 100 झालं तर सिग्नल एकदशांश उरला.

"आणि फोनवर इमर्जन्सी कॉल्स ओन्ली येतं ना, तेही लिहा. म्हणजे तुमच्या कंपनीची रेंज नाही, पण दुसऱ्या कोणाची तरी तिथे पोचते. त्यावर 112 लागतो. गावात हे किती जणांना माहीत आहे?"

कोणालाच नव्हतं. नाल्याच्या पुलाजवळ ती अक्षरं मी शेकडो वेळा पाहिली होती आणि दरवेळी फोन खिशात टाकला होता.

शंभर पानी वही घेतली. उभे रकाने आखले: तारीख, वेळ, जागा, तीन कंपन्यांची तीन सिमं, हवा. जागा अकरा: शाळा, अंगणवाडी, हातपंप, देऊळ, नाल्याचा पूल, हॅलो टेकडी आणि अशाच. रोज सकाळी कामाला निघताना आणि संध्याकाळी परतल्यावर. हॅलो टेकडी उणे 97. पूल उणे 113. हातपंपावर काहीच नाही, आकडाच येत नाही. मी तिथे रेघ मारायची. साहेब म्हणाले होते, रेघही लिहा, रेघ हाच तुमचा माल आहे.

बाया हसायच्या. पाणी भरायला आलेली एक जाऊ म्हणाली, "काहून व, फोनचा ताप मोजून राहिली का?"

वहीने मला एक गोष्ट शिकवली जी कुठे वाचली नव्हती. पाऊस पडून गेला की पुलावरचा आकडा चार-पाचने खाली जायचा. साहेबांना विचारलं तर म्हणाले, ओली पानं सिग्नल पितात, आणि सागाचं पान तर सुपाएवढं. पुढे फेब्रुवारीत साग उघडा पडला तेव्हा शाळेपाशी पहिल्यांदाच आकडा उमटला, उणे 119. बोलण्याच्या लायकीचा नव्हताच, तरी मी तो लाल पेनाने लिहिला. नव्या पावसात पालवी आली आणि परत रेघ.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव झाला. पंधरा दिवसांत विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सगळे कागद थंड पडले. मला वाटलं, गेलं आता सहा महिन्यांवर. पण झालं उलटं. निवडणुकीनेच आमचं काम केलं.

आमच्या शाळेत मतदान केंद्र असतं. मतदान 20 नोव्हेंबरला होतं, पथक आदल्या दिवशी आलं. त्यांच्यासोबतच्या पोलिसांकडे वायरलेस सेट होता. मी केंद्राध्यक्षांना चहा द्यायला गेले आणि आपलं सांगितलं, सर, फोन लावायचा असेल तर टेकडीवर जावं लागेल, पण अंधारात नका जाऊ. ते म्हणाले, "माहीत आहे. तुमचं केंद्र शॅडो एरियात आहे ना. म्हणून तर वायरलेस दिला."

कपबशी माझ्या हातातच राहिली. शॅडो एरिया म्हणजे ज्या केंद्रावर मोबाईलची रेंज नाही ते. निवडणुकीच्या आधी अशा केंद्रांची यादी बनते. टक्केवारी वेळेवर वर कळावी म्हणून तिथे वायरलेस द्यायचा की निरोप्या ठेवायचा, हे त्या यादीवरून ठरतं. म्हणजे एक सरकारी कागद म्हणत होता इथे रेंज आहे, आणि दुसरा सरकारी कागद, तोही निवडणुकीचा, म्हणत होता नाही.

निकाल लागल्यावर दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात त्या यादीची प्रत मागितली. कायद्यात 30 दिवस आहेत, सत्ताविसाव्या दिवशी टपाल आलं. चार पानांची यादी, त्यात आमच्या शाळेचं नाव, पुढे 'नेटवर्क नाही'. पस्तीस वर्षांच्या आयुष्यात मला कुठल्या सरकारी कागदाचा एवढा आनंद झाला नव्हता, सातबाऱ्यावर नाव चढलं तेव्हासुद्धा.

दोन्ही कागद एकाला एक टाचले आणि केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर टाकले. तिथे तक्रार 21 दिवसांत निकाली काढायची असते. माझी सोळाव्या दिवशी निघाली. उत्तर: 'सदर महसुली गाव आच्छादित आहे.' कोणी जोडलेले कागद उघडलेच नव्हते. मी अपील केलं. या वेळी मजकुरात फक्त तीन ओळी लिहिल्या, आणि पहिली ओळ अशी: 'जोडपत्र 1 आणि जोडपत्र 2 यांपैकी कोणते खरे आहे, एवढेच कृपया कळवावे.' सोबत वहीची 64 पानं स्कॅन करून. 26 जानेवारीला ग्रामसभेचा नवीन ठराव, त्यात टोल्याची लोकसंख्या आणि अक्षांश-रेखांश वेगळे. साहेबांनीच सांगितलं होतं की गावाच्या नावाने मागू नका, ठिकाणाच्या आकड्याने मागा. आकडा यादीत 'आच्छादित' होऊ शकत नाही.

फेब्रुवारीत सर्वेची गाडी आली. पुढच्या सीटवर तेच साहेब.

जेवण आमच्याकडे झालं. मामाजींनी त्यांना धरून ठेवलं. मामाजींचा प्रश्न बरीच वर्षं तयार होता: नागपूर इथून दीडशेच्या वर किलोमीटर, तिथला रेडिओ खाटेवर पडल्या पडल्या ऐकू येतो, आणि चार किलोमीटरवरचा टॉवर काहून येत नाही?

साहेब खूश झाले. म्हणाले, बाबाजी, नागपूर आकाशवाणी 585 किलोहर्ट्झवर. तिची एक लाट 512.8 मीटर लांब.

"पाचशे बारा दशांश आठ मीटर," मामाजी म्हणाले. जुन्या श्रोत्यांना हे आकडे अभंगासारखे पाठ आहेत.

तर एवढी लांब लाट जमिनीला धरून येते, टेकडीला वळसा घालते, झाडं तिला दिसतही नाहीत. मोबाईलची 2100 मेगाहर्ट्झवाली लाट असते वीतभरही नाही, 14 सेंटीमीटर. ती सरळ जाते, टेकडी आली की संपली. 700 मेगाहर्ट्झवाली असते 43 सेंटीमीटरची, ती झाडीतून जरा जास्त आत शिरते. आणि दुसरं असं की रेडिओ फक्त बोलतो. नागपूरचा ट्रान्समीटर 300 किलोवॅटचा, तो ओरडतो, तुम्ही ऐकता. फोनला उलटून उत्तर द्यावं लागतं, आणि तुमच्या हातातल्या फोनची ताकद जास्तीत जास्त एक पंचमांश वॅट.

मामाजींनी विचार केला. "म्हंजे त्याचं आपल्याले ऐकू येऊनही आपलं त्याले ऐकू जात नाही."

"अगदी तसंच."

"हे तं सगळीकडंच आहे."

मग मामाजींनी डिजिटल रेडिओचं विचारलं, बातम्यांत ऐकलं होतं म्हणून. आकाशवाणीने बरीच मध्यम लहरींची केंद्रं डिजिटल केली आहेत, आवाज एफएमसारखा साफ येतो, पण त्याला वेगळा संच लागतो, आपल्या साध्या रेडिओवर नुसती घरघर. मामाजी म्हणाले, मंग तेही आच्छादितच.

पैसा कुठून येतो हे सरपंचांनी विचारलं. टेलिफोन कंपन्यांच्या कमाईतून 5 टक्के सरकारकडे जमा होतात, त्या निधीतून खेड्यापाड्यांतली अशी कामं होतात. पूर्वी त्याला सार्वत्रिक सेवा निधी म्हणायचे, आता डिजिटल भारत निधी. सरपंच म्हणाले, म्हणजे आपल्याच रिचार्जचे. मग त्यांनी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

आता जागेची गोष्ट, आणि इथेच आमचे सहा महिने गेले.

सर्वेवाल्यांना आवडली ती शाळेमागची उंच जागा. मुरमाड, तरोट्याशिवाय काही उगवत नाही, गावची ढोरं बसतात. दोनशे चौरस मीटर पाहिजे होती, तिथे दहापट होती. तलाठ्यांनी सातबारा काढला आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला. "याच्यावर बोट ठेवू नका." कागदावर लिहिलं होतं: झुडपी जंगल.

पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांना हे सांगावं लागेल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ही एक जमिनीची जात आहे. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली कागदांतून ती आमच्याकडे आली. शेतीला निकामी, झाडी नाही, चराईची पडीक जमीन. पण नावात 'जंगल' आहे. म्हणून ती महसुलाची की वनाची, हा वाद माझ्या जन्माच्या आधीपासूनचा. कितीतरी शाळा, स्मशानं, घरं अशा जागांवर उभी आहेत आणि कागदावर ती जंगलात आहेत. आम्ही मार्चपासून त्या जागेच्या परवानगीमागे लागलो होतो. 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: झुडपी जंगल हे वनच समजायचं, 12 डिसेंबर 1996 च्या आधी दिलेल्या जागांना तेवढा मार्ग. आमचा टॉवर त्या तारखेला एकोणतीस वर्षं उशीर झालेला. रेडिओवर बातमी ऐकून मामाजींनीच मला उठवलं, "पोरी, तुझ्या ढोराच्या जागेवर दिल्लीचा निकाल लागला."

मला निकालाबद्दल तक्रार नाही. हीच पळवाट धरून उद्या कोणी जंगलात हॉटेलं बांधली असती. पण त्या मुरमाकडे पाहिलं की हसू येतं. शंभर पावलांवर खरं जंगल उभं आहे, आणि कागद दोन्हींना एकच नाव देतो.

मग खासगी जागा. रस्त्याला लागून एका भाऊजींचं उंचावरचं वावर आहे. आम्ही टॉवरचं नाव काढलं आणि ते उठून आतच गेले. कारण नंतर कळलं. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या बाजारात त्यांना मेसेज आला होता: तुमच्या शेतात टॉवर बसवा, लाखाचा ॲडव्हान्स, महिन्याला भाडं, नातवाला नोकरी. ट्रायच्या, म्हणजे टेलिफोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नावाचं, शिक्क्याचं 'ना हरकत' पत्रही आलं. नोंदणी फी, मग वकील फी, मग कर, असं करत त्यांनी धान विकून आलेले पैसे भरले आणि तो नंबर बंद झाला. बायकोलाही सांगितलं नव्हतं. ट्राय असं पत्र कोणालाही देत नाही, आणि खरी कंपनी जागामालकाकडून आगाऊ पैसे मागत नाही, ती देते. हे मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलं तेव्हा आणखी दोघांनी हळूच येऊन विचारलं, ताई, भरलेले परत मिळतात का?

शेवटी जागा निघाली गावठाणातच: कोंडवाडा. कोणाची ढोरं कोणाच्या बांधीत शिरली तर कोंडायची ग्रामपंचायतीची जागा, वीस वर्षांपासून रिकामी, एक भिंत पडलेली. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय आला. शाळा तिथून जवळ, त्यामुळे दोन बायांनी पोरांच्या डोक्याला त्रास होईल असं म्हटलं. त्यांना गप्प बसवू नका, असं मी आधीच सरपंचांना सांगून ठेवलं होतं. भारतात टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांश ठेवली आहे, 2012 पासून. कुठला टॉवर ती पाळतो हे 'तरंग संचार' पोर्टलवर पाहता येतं आणि पैसे भरून मोजणीही मागता येते. एवढं सांगितलं. एकीला पटलं. दुसरी म्हणाली, माझ्या पोराचं डोकं आधीच फोनने गेलं आहे, आता टॉवरने काय जाईल. ठराव मंजूर.

मामाजी म्हणाले, "आंधी ढोरं कोंडत होतो. आता का कोंडता?"

सप्टेंबरमध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी आली आणि आता बाईचा एक ओटीपी, नवऱ्याचा एक. परत हॅलो टेकडी, या वेळी जोडीने. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

हलका धान कापला गेला आणि बांध्यांमधून गाडी यायला वाट झाली, तेव्हा दिवाळीनंतर काम सुरू झालं. खड्डा, सळई, सिमेंट, मग काँक्रीट मुरायला तीन-चार आठवडे. मजूर झारखंडचे. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, रात्री शेजारच्या गावी नाटक होतं, वडशाची नाटक कंपनी. आमच्या पोट्ट्यांनी त्यांना नेलं. भाषा कळली नाही तरी पहाटेपर्यंत बसले, आणि दुसऱ्या दिवशी टॉवरच्या अर्ध्यावर लटकून एक जण त्यातलं गाणं चुकीच्या शब्दांत म्हणत होता. टॉवर 40 मीटरचा. वर एक गोल डबा बसवला, मोठ्या गावाच्या टॉवरकडे तोंड करून. जमिनीवरून तो टॉवर दिसत नाही, पण 40 मीटरवरून टेकडी ओलांडून लाल दिवा सरळ दिसतो. आमच्या टोल्याचं सगळं बोलणं त्या डब्यातून मोठ्या गावाला जातं आणि तिथून फायबरने पुढे.

विजेच्या मीटरला आणखी तीन आठवडे.

28 डिसेंबर, संध्याकाळचे सव्वासहा. मी भाकरी टाकत होते. पहिली रिंग, नातेवाईकाचा फोन, असं काही झालं नाही. घराघरांतून नुसतं टुंग-टुंग सुरू झालं: रिचार्ज संपला, रिचार्ज संपला, ऑफर, कर्ज, मिस्ड कॉल, ऑफर.

आणि मग खरी भानगड कळली. टॉवर एका कंपनीचा, टोल्यातली निम्मी सिमं दुसऱ्या कंपन्यांची. त्यांच्या फोनवर तेच, इमर्जन्सी कॉल्स ओन्ली. शिवाय हा टॉवर फक्त 4जीचा, म्हणजे जुने बटणांचे 2जी फोन त्याला दिसतच नाहीत. मामाजींचा फोन तसलाच. दुसऱ्या दिवसापासून कोंडवाड्याच्या ओट्यावर माझं नवीन शिबिर, नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचं: 'पोर्ट' लिहून, जागा सोडून, नंबर टाकून 1900 ला मेसेज करा, आलेला कोड जपून ठेवा. तो मेसेज जुन्याच सिमवरून करावा लागतो. त्याला रेंज पाहिजे. ती टेकडीवर. सगळी वरात परत हॅलो टेकडीवर, आणि या वेळी सगळे हसत होते.

आता बरं चाललं आहे. अंगणवाडीच्या ताई खालूनच माहिती भरतात, रोजगार हमीच्या हजेरीचे फोटो कामावरूनच जातात. लाईट गेली की बॅटरीवर चार-पाच तास निघतात, मग टॉवरही झोपतो. वादळात एकदा दोन दिवस झोपला. वही संपली होती, मी नवीन घेतली. आता रकाना 'कधी गेला, कधी आला' असा आहे, आणि महिन्याच्या शेवटी त्याचा फोटो साहेबांना जातो. साहेब निवृत्त झाले, तरी उत्तर देतात.

एक गोष्ट मात्र बिघडली. कोंडवाड्यापासून आमचं घर तीसेक पावलांवर. टॉवर सुरू झाल्यापासून मामाजींच्या रेडिओवर नागपूर लागत नाही, नुसती खर्र येते. साहेबांना विचारलं. म्हणाले, हा दोष टॉवरच्या लहरींचा नाही, खालच्या पेटीत वीज बदलणारं यंत्र आहे, त्याची घरघर मध्यम लहरीवर येत असेल, रेडिओ फिरवून पाहा, लांब नेऊन पाहा. मी माझ्या फोनवर आकाशवाणीचं ॲप लावून दिलं. मामाजींनी दोन दिवस ऐकलं. घड्याळ लावून त्यांच्या लक्षात आलं की ॲपवर सात वाजतात ते सात वाजून गेल्यावर. "शिळ्या बातम्या," म्हणाले, आणि फोन परत दिला.

आता ते संध्याकाळी रेडिओ काखेत मारून काठी टेकत हॅलो टेकडीवर जातात. दगड रिकामाच असतो. मोह पडायला लागला की त्यांना अडवावं लागेल, म्हणून साहेबांना परत फोन केला. साहेब म्हणाले, पेटीत फिल्टर बसवता येईल, पण आधी मला लिहून पाठवा, किती अंतरावर किती येते.

कालची नोंद:

हातपंप, संध्याकाळी 6:40. फोन उणे 71. रेडिओ 585, खर्र.

पूल, 6:55. फोन उणे 88. रेडिओ, बोलणं कळतं, गाणं नाही.

हॅलो टेकडी, 7:10. फोन उणे 79. रेडिओ साफ. मामाजी म्हणाले, बस जरा, बाजारभाव सुरू आहेत.